ओटीतली माणसं

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

आले एकदाची पिंपरखड्याला. नगरहून सकाळची एस.टी., करंजी घाटात शेजारच्या बाईंना गाडी लागली ती थेट माझ्या पिशवीपर्यंत, पाथर्डीत कपभर चहा आणि तिथून पुढे जीपमध्ये चौदा माणसांत पंधरावी मी. कंबरेचा पार भुगा झालाय, पण मन खूश आहे. दोन वर्षांत पहिल्यांदाच आपण होऊन घराबाहेर पडले.

राहायला अंगणवाडीची खोली दिली आहे. वस्ती उतारावर आणि अंगणवाडी टेकाडावर, म्हणून ती पाण्यातून वाचली. भिंतीवर हत्ती रंगवलाय. चित्रकाराला सोंड काही जमलेली नाही, त्यामुळे तो हत्ती गाढवाच्या वळणावर गेलाय. खिडकीतून खाली वस्ती दिसते. पाच-सहा घरं उभी आहेत, बाकीच्यांची नुसती जोती, त्यावर पत्र्याचे शेड.

सप्टेंबरात तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि चौथ्या पहाटे वस्तीच्या वरचा पाझर तलाव फुटला. चार माणसं गेली. कारभारींचा मुलगा अजिनाथ, बिभीषणची बायको रोहिणी, सविताची सात वर्षांची पंकजा आणि गोजरबाईंचे मालक गहिनीनाथ. या चार घरांसाठी आमच्या संस्थेने मला महिनाभर इथे पाठवलंय. काम काय, तर ऐकायचं. समोर बसायचं, बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही आणि शेवटी फॉर्म भरायचा. झोप येते का, भूक लागते का, जीव नकोसा होतो का. आमचे कल्याण सर प्रशिक्षणात सांगायचे की ऐकणाऱ्याने रोज वहीत स्वतःला रिकामं करावं, नाहीतर दुसऱ्याचं दुःख आपल्याच अंगात मुरतं. म्हणून ही वही.

सायमन असता तर म्हणाला असता, दयाबाई गप्प बसून ऐकणार? याला तिकीट लावा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, नागापूरच्या एका कारखान्यात शेड कोसळून. तो चहात खारी बुडवायचा, ती तुटून तळाशी गेली की चमच्याने शोधत बसायचा आणि सापडली की मला दाखवायचा. आज पाथर्डीत चहाबरोबर खारी घेतली. ती तळाशी गेली, मी शोधली नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

माणसं लाघवी आहेत. नको इतकी. दोन दिवसांत मी एकदाही चूल पेटवलेली नाही. एकीकडून शेंगोळे येतात, दुसरीकडून बाजरीची भाकरी आणि ठेचा. वस्तीचा कारभार गोजरबाईंच्या हातात आहे. सत्तरीच्या असतील, पूर्वी सुईणपण करायच्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघून बोलतात.

एक गोष्ट मात्र खटकली. भेटेल तो पहिला प्रश्न एकच विचारतो, घरी कोण कोण असतं? मी सांगते, कुणी नाही, मी एकटी. मालक गेले, मूलबाळ नाही, सासू-सासरे नाहीत. नणंद आहे, नॅन्सी, ती शाळेत शिकवते आणि तिची वेगळी खोली आहे. एरवी हे ऐकून लोक हळहळतात. इथे मात्र चेहरे उजळतात. गोजरबाईंनी तर माझा हात हातात घेऊन म्हटलं, "बरं झालं बाई तुमी आलात." मी विधवा असल्याचं ऐकून कुणाला बरं वाटलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

दुःख मात्र खरं आहे, त्यात नाटक नाही. कारभारी दिवसभर तलावाकडे तोंड करून बसतात. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, आता मुलगा. सविताला पाचवा महिना लागलाय आणि ती घासभर खाऊन ताट सरकवते. बिभीषण एकदा औषध प्यायला होता, शेजारच्यांनी वेळेवर पाथर्डीला नेलं म्हणून आहे. ही सगळी ऊसतोडीला जाणारी माणसं. दिवाळीनंतर अर्ध्याहून जास्त वस्ती कारखान्यांवर गेली, ही चार घरं तेवढी हलत नाहीत. मुकादमाचा ट्रॅक्टर दोनदा येऊन रिकामा परत गेला म्हणे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज कारभारी बोलले. सलग तीन तास. अजिनाथ शेळ्या सोडायला गेला, आठ सोडल्या, नववीचं दावं सुटेना. हाळी दिली ती कारभारींना ऐकू आली आणि नंतर नुसतं पाणी. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. सायमन, ऐक.

बोलून झाल्यावर गोजरबाईंनी मला पाटावर बसवलं, पदर पसरायला सांगितला आणि कारभारींच्या हातून माझी ओटी भरवली. तांदूळ, सुपारी, खण. कुंकू लावलं नाही, माझा धर्म ठाऊक आहे त्यांना. विधवेची ओटी कुणी भरत नाही. आमच्या चर्चमधल्या बायकासुद्धा डोहाळजेवणाला मला मागच्या रांगेत बसवतात. त्यामुळे मला भरून आलं, आणि मी त्यांच्यासमोर रडले. शिकवलेलं सगळं पाण्यात.

तांदूळ घालताना कारभारी म्हणाले, "हा माझा अजिनाथ. आजपस्नं तुमचा. घेतला म्हना." मी थबकले. बाप इतक्या आशेने बघत होता, त्याला नाही कसं म्हणायचं. मी म्हटलं, घेतला. फॉर्मवर शेरा लिहिला: निरोप देण्याची स्थानिक पद्धत, अत्यंत परिणामकारक. कल्याण सर खूश होतील.

बुधवार, १९ नोव्हेंबर

परिणामकारक म्हणजे किती? कारभारी काल दहा तास झोपले. आज सकाळी गाणं गुणगुणत कोयत्याला धार लावत होते. उद्या ट्रॅक्टरने जाणार आहेत.

मी आनंदाने त्यांच्या शेडमध्ये गेले. तिथे अजिनाथचा हार घातलेला फोटो होता, तो दिसला नाही. कोपऱ्यात जमिनीला तोंड करून ठेवलेला. मी उचलून विचारलं की हा काढला का. कारभारींनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "कुनाचा हाय? ठावं न्हाई बाई. पोरगं चांगलं दिसतंय."

मला वाटलं, सांगायची इच्छा नाही. मग मी सहज मालकिणीचा विषय काढला. ते हसले आणि म्हणाले, माझं कुठं लग्न झालंय.

माणूस दुःख झाकतो, मला माहीत आहे. पुस्तकात त्याला नाव आहे. पण झाकणाऱ्याचे डोळे असे नसतात. मी त्यांच्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं. मागे काही नव्हतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी पाण्याच्या टाकीपाशी सविता एकटी भेटली. इकडेतिकडे बघून घाईघाईत म्हणाली, "ताई, तुमी कुनाचं घेऊ नका. माझं तर न्हाईच न्हाई." मी काही विचारायच्या आत हंडा उचलून गेली.

दुपारी बिभीषणची पाळी. जीव नकोसा होतो का, या फॉर्मवरच्या शेवटच्या प्रश्नाला त्याने ‘रोज’ असं उत्तर दिलं. दोरी कुठे ठेवली आहे तेही सांगितलं. रोहिणी त्याच्या हातात हात देऊन होती. हात ओला, बांगड्या फुटून त्याच्या मनगटात रुतल्या, सुटला तो सुटलाच. मनगट दाखवलं मला. पुन्हा पाट, पुन्हा तांदूळ. मी गोजरबाईंना विचारलं की हे करायलाच हवं का. त्या म्हणाल्या, त्येला जगवायचा हाय का न्हाई.

घेतली, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

शनिवार, २२ नोव्हेंबर

बिभीषणने दाढी केली आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मी विचारलं की आता जोडीला कोण. तर सरळ आवाजात म्हणाला, "मी पैल्यापस्नं अर्धाच कोयता हाय ताई." मनगटावरच्या जखमांकडे बघून म्हणाला, उसाची पात लागली असंल. ऊस अजून त्याने यंदा बघितलेलाही नाही.

हे लोक काहीतरी लपवतायत. सगळे मिळून. तलाव आपोआप फुटला की कुणी फोडला? त्या पहाटे कुणी कुणाला बुडू दिलं? आपसात ठरवून टाकलं असेल की मेलेल्यांची नावंच काढायची नाहीत. मला मध्ये घेऊन कागदावर सगळं बरं झाल्याचं लिहून घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. मी मूर्ख नाही.

आणि माझंही काही ठीक नाही. दोन भाकऱ्यांचं पीठ मळायला घेते आणि सहा थापते. सहाही खाते. दुपारी दोरी हाती आली आणि बघताबघता मी वाळल्या गवताची मोळी बांधली, घट्ट, पीळ देऊन, गाठ आत दाबून. ही गाठ मला कुणी शिकवली?

सोमवार, २४ नोव्हेंबर

टाकीच्या टेकाडावर मोबाईलला रेंज येते. कल्याण सरांना फोन केला. पिंपरखड्याला माणूस पाठवा असं कुणी कळवलं होतं, ते विचारलं. ते म्हणाले, गावकऱ्यांचाच अर्ज होता, अंगठे आहेत खाली. मी वाचून दाखवायला लावला. बाई पाठवावी. एकटी पाठवावी. जिच्या घरात नवरा, मूल, म्हातारं असं कुणीही नाही अशी पाठवावी. सरांना वाटलं होतं की रात्रंदिवस राहायचं म्हणून घरची जबाबदारी नसलेली बाई मागितली असेल.

मला निवडून आणलंय.

नॅन्सीलाही फोन लावला. सायमनबद्दल बोलायला लागली. म्हणाली, दादा कोपऱ्यावर स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवायचा, आठवतं का वहिनी? मी हो म्हटलं. खोटं बोलले. मला स्कूटरच आठवेना.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ठरवलं होतं की आता कुणाचं काही घ्यायचं नाही. सकाळी आरडाओरडा झाला. सविता विहिरीच्या काठावर उभी सापडली, तिच्या नवऱ्याने केसाला धरून मागे ओढली. पोटात पाच महिन्यांचं मूल. तिला माझ्याकडे आणलं ती माझ्या पायाशीच बसली. मला घेऊ नका म्हणणारी हीच. आता म्हणाली, ताई, पंकी मला झोपू देत न्हाई, आई आई करती, आन् हे पोटातलं मराया टेकलंय. दोघांतलं एकच वाचतंय, मंग जितं वाचू द्या.

तिने सांगितलं. मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की पंकजा लंगडी घालत दारापर्यंत गेली होती, पाऊस बघायला.

घेतली. हो, समजून-उमजून घेतली. कुणीही घेतली असती.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ट्रॅक्टर आला. सविता ट्रॉलीत बसून शेंगा खात होती. गाल भरलेले दिसले. मला हात करून जवळ बोलावलं आणि विचारलं की ताई, तुमाला मूलबाळ किती? मग पोटावर हात ठेवून लाजत म्हणाली, आमचं हे पैलंच.

ट्रॅक्टर वळणाआड गेला. मी टेकाड चढून परत आले. दारात आल्यावर लक्षात आलं की अख्खं टेकाड मी एका पायावर चढले होते. दुसरा पाय दुमडलेला. खाली टेकवायला खूप जोर लावावा लागला.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

बिभीषण आणि उरलेलेही त्याच ट्रॅक्टरने गेले; वस्तीत आता गोजरबाई आणि मी. त्या स्वतःच आल्या. मी दार लावून घेतलं, म्हटलं, आज ओटीबिटी काही नाही. त्या उंबऱ्याबाहेर बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. रडल्या नाहीत, हातही जोडले नाहीत.

दहाव्याला एकाही पिंडाला कावळा शिवला नाही. काय काय कबूल केलं, शेवटपर्यंत नाही. गेलेल्यांना जायचंच नव्हतं. मग वस्तीतली माणसं एकेक करून त्यांच्यामागे निघाली, कुणी औषधाकडे, कुणी विहिरीकडे. त्यांच्या आजीच्या काळात असं झालं की मेलेलं माणूस दुसऱ्या बाईच्या ओटीत घालत. आधी सगळं सांगायचं, मग नाव घेऊन घालायचं, आणि तिने तोंडाने घेतलं म्हणायचं. देणारा पार मोकळा होतो. सवाष्णीला देत नाहीत, ती आपल्या घरी नेते, मग घरच्यांना बाधतं. ज्या बाईचं घर रिकामं, तिलाच द्यायचं. तिथं जागा असते.

मी म्हटलं, माझ्या घरात सायमन आहे.

त्या म्हणाल्या, "तुमी तर कुनी न्हाई म्हनलात." आणि मग, "जागा त्येवढीच असती बाई."

त्यांचे मालक त्यांनी मला दिले नाहीत. देणारही नाहीत. म्हणाल्या की मला पुढे कुणाला पोसायचं नाही, माझं मी सोसते, कुणीतरी आठवायला पाहिजे. उठताना आणखी एक सांगितलं. मीही देऊ शकते, अशाच एखादीला. पण "द्यायचं तर समदं द्याया लागतं. निवडून न्हाई देता येत."

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि खरं सांगायचं तर तेवढीच त्यांची कीवही आली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पळून निघाले. फाट्यावर जीप, पाथर्डी, नगरची एस.टी. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला. मी म्हटलं, चार नगर. त्याने माझ्या बाजूच्या सीटवर बघितलं, मागे बघितलं. बाकीचे तीन कुठं, विचारलं. आम्ही दाटीवाटीने बसलो होतो, मला खांदा हलवायला जागा नव्हती. माझ्या शेजारची सीट रिकामी होती.

घाट यायच्या आधी मनात आलं — ही तिघं माझ्या घरी येणार. दोन खोल्या. सायमनचा शर्ट खुंटीला आहे अजून. ही आत शिरली की तो कुठे जाणार? करंजीला उतरले. मिळेल त्या जीपने परत आले.

माझं घर त्यांना दाखवायचं नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

लिहून ठेवते म्हणजे जाणार नाही. सायमन. उंच. की मध्यम? चर्चमध्ये भसाड्या आवाजात गायचा. चहात — चहात काहीतरी करायचा, त्यावर आम्ही हसायचो. मला नावाने नाही, वेगळंच काहीतरी म्हणून चिडवायचा.

एक आहे, ते अजून लख्ख आहे. त्या दिवशी डबा विसरला म्हणून मी कारखान्याच्या गेटवर गेले. आतून आला. हेल्मेट काढून हसला, डबा घेतला, वळला. पाठमोरा चालत गेला आणि मी त्याची पाठ बघत उभी राहिले आणि मग तो आवाज. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नॅन्सीलासुद्धा नाही. ती अजून समजते की मी तेव्हा घरी होते.

तो वळतो त्या जागी आता कधी शेळ्या येतात. दावं येतं. पाणी.

सोमवार, १ डिसेंबर

पाय गार. भर उन्हात, गुडघ्यापर्यंत.

टाकीपाशी होते, तेव्हा नॅन्सीचा फोन आला. मी हाळी दिली. शेळ्यांना देतात तशी. तिने विचारलं वहिनी काय होतंय, मी म्हटलं कोण बोलतंय — मग आठवलं. म्हणाली, तशीच थांब, मी येते. नको म्हटलं. नको येऊ. तीही एकटीच आहे. तिचं घर रिकामं —

मंगळवार, २ डिसेंबर

आली. दारातच गळ्यात पडली. बारीक झालीस म्हणाली. रोज सहा भाकऱ्या खाणारी मी.

दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तोंड उघडलं की सगळं बाहेर येईल. ती शेजारी बसून राहिली. बोल म्हणते. कसलं का असेना, बोल. दादाचा शेवटचा दिवस सांग, दोन वर्षं वाट बघतेय. माझ्यासारखीच बसते, मान थोडी कलती करून. कुणी शिकवलं हिला ऐकायला? ही आपण होऊन आली की हिला कुणी —

नाही. सायमनची बहीण आहे ती. काही झालं तरी तिच्यावर घालायचं नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

सकाळी डोळे मिटले आणि गेट आठवलं. गेट आहे. हेल्मेट आहे. चेहरा नाही. हेल्मेटखाली अजिनाथ हसतोय.

मागची पानं वाचत नाही. अक्षर माझं वाटत नाही.

म्हातारी काय म्हणाली होती? निवडून देता येत नाही. कशावरून? पहिल्यापासून खोटंच बोलली ना ती. अर्ज खोटा, माया खोटी, शेंगोळे खोटे. मी यांना कायम बाळगावं, परत वस्तीत पाठवू नये, म्हणून रचून सांगितलं असेल. नक्कीच तसं. मी तिघांचंच सांगेन. तिघांचीच नावं घेईन. सायमनचं नाव ओठावर येऊच देणार नाही. तो माझ्याकडे राहील. जागा होईल त्याला. पुन्हा चेहरा येईल.

आणि नॅन्सी तरुण आहे. तिला झेपेल. नंतर मी तिला सांगेन, कुणाला दे ते. मी सोबत राहीन तिच्या.

तांदूळ आहेत. सुपारी गोजरबाईंच्या घरून आणली. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त कोणासाठी ते विचारलं, मी सांगितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून की हो म्हणून, कळलं नाही. माझ्याकडे बघू नका म्हणावं त्यांना.

नॅन्सी ओढणी पसरून बसली आहे. हसतेय. वहिनी, हे काय नवीनच. फक्त तिघं. सायमन, मी फक्त तिघांचं —

गुरुवार

आज छान झोप लागली. दोन भाकऱ्यांत पोट भरलं. ऊनही चांगलं पडलंय. इथे कशासाठी आले ते नीट आठवत नाही, पण समोर फॉर्मचा गठ्ठा आहे म्हणजे कामच असणार. आवरून नगरला निघावं. घरी कुणी वाट बघणारं नाही, त्यामुळे घाई अशी नाही.

खोलीत एक बाई बसली आहे. तरुण आहे, ड्रेस चांगला आहे, शिक्षिका असावी. पहाटेपासून रडते आहे. ओढणीत तांदूळ बांधलेत, ती गाठ सोडत नाही. मधेच एकदम उठून शेळ्यांना हाळी देते आणि घाबरून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवते. मला वहिनी म्हणते. बिचारी.

मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, बोला, मला ऐकायची सवय आहे. ती म्हणते मी गेटवर उभी होते, डबा दिला, तो पाठमोरा गेला. म्हणते मला माहीत नव्हतं तू तिथे होतीस. काही संगती लागत नाही. मी मध्ये तोंड घातलं नाही. मग तिने मोबाईलवर एका माणसाचा फोटो दाखवला. चेहरा हसरा आहे, चहाचा कप हातात. मी विचारलं, तुमचे कोण हे? तिचं रडं थांबलं. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून म्हणाली, वहिनी, नीट बघ ना, हा तुझा —